पदरचा काना

रोज एक उतारा, हा मोठ्या सरांचा नियम. मोठे सर म्हणजे शाळेचे मुख्याध्यापक. त्यांच्या खोलीतल्या भिंतीवर एक भलामोठा तक्ता टांगलेला होता, आणि तिसरीच्या बाई रोज दुपारी तिथे जाऊन त्या दिवशीच्या उताऱ्यापुढे बरोबरची खूण करून यायच्या. अकरा वर्षांत एकही चौकोन रिकामा नव्हता. उतारा मोठ्याने वाचून दाखवायचा, मुलांकडून वाचून घ्यायचा, खालचे पाच प्रश्न सोडवायचे आणि पान उलटायचं. उलटलेलं पान परत उलटायला सवड होती कुणाला? आणि एकदा पिळलेल्या लिंबातून आणखी काय निघणार, असं बाईंचं सरळ मत होतं.

या रोजच्या घाईत एक मुलगी मागे पडली. वर्गाने तिला मुंगी नाव ठेवलं होतं. आठ वर्षांची, बारीक चणीची, आणि वाचायला बसली की ओळीखाली उजव्या हाताचं पहिलं बोट. ते बोट एकेका अक्षरापाशी थांबायचं, खात्री करून घ्यायचं, मग पुढे सरकायचं. बाकीच्यांचे प्रश्न सोडवून व्हायचे तेव्हा हिची तिसरी ओळ चाललेली असायची. दुसऱ्या दिवशी नवा उतारा, आणि ये रे माझ्या मागल्या. पूर्ण वाचून झालेला उतारा असा तिच्या नावावर एकही नव्हता.

सहामाहीनंतर मोठ्या सरांनी बाईंना बोलावून घेतलं.

"तिला दुसरीत बसवू," ते म्हणाले. "इथे बसून नुसती कुढते आहे पोर."

"सर, तिची धाकटी बहीण दुसरीत आहे."

"मग? बहिणीची सोबत होईल."

बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं, "तुम्ही बसला असतात का हो धाकट्या भावाशेजारी?" पण मोठ्या सरांपुढे असली वाक्यं ओठांवरच राहतात. त्या एवढंच म्हणाल्या, "आठवडाभर द्या मला."

सर काही दुष्ट नव्हते, नियमाचे होते. त्यांनी आठवडा दिला. "शनिवारी माझ्यासमोर एक उतारा वाचू दे. तिसरीचाच हवा, कुठला ते तुम्ही ठरवा. पाच चुका माफ. सहावी झाली की दुसरी."

मुंगीची आई इस्त्रीच्या दुकानात कामाला होती. त्याच संध्याकाळी ती शाळेच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. मनगटावर गरम इस्त्रीचे जुने-नवे चटके होते. "बाई, दुसरीपर्यंत बातमी गेली, धाकटी आताच तिला चिडवायला लागली आहे," ती म्हणाली. "म्हणते, ताई, माझ्या बाकावर तुझी जागा धरून ठेवू का? ते ऐकल्यापासून ही जेवली नाही हो." एवढं सांगून तिने मान फिरवली. बाईंनाही गलबलून आलं, पण त्यांनी आवाज कडक केला. "रडायचं काय त्यात? अजून शनिवार यायचा आहे."

घरी जाताना मात्र त्यांच्याच तोंडचं पाणी पळालं होतं.

सगळ्या पुस्तकातून त्यांनी एक उतारा निवडला, 'बंद पडलेलं घड्याळ'. छोटा होता आणि जोडाक्षरं बेताची. आता मुंगीला एकटीला कोपऱ्यात बसवून तोच उतारा घोकायला लावला असता तर वर्गाने तिला फाडून खाल्लं असतं. म्हणून बाईंनी ठरवलं की आठवडाभर अख्ख्या वर्गाला हाच उतारा. तक्त्यावरचे चौकोन राहिले रिकामे तर राहू देत! अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी असा बेशिस्त विचार केला, आणि आश्चर्य म्हणजे रात्री झोपही छान लागली.

सोमवारी त्यांनी नेहमीसारखा उतारा खणखणीत आवाजात वाचून दाखवला. तो असा:

"मनोऱ्यावरचं घड्याळ बंद पडलं होतं. दुरुस्तीसाठी मला बोलावलं. पहारेकऱ्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, 'बरोबर कोणी नाही?' मी मान हलवली. हत्यारांची पिशवी खांद्याला लावली आणि जिना चढायला सुरुवात केली. खाली लोक जमले होते. त्यातलं कोणीतरी हसलं. जिन्याला एकशे बारा पायऱ्या होत्या. मध्यावर श्वास घ्यायला मी क्षणभर थांबलो. वर चाकाच्या दात्यांमध्ये एक काडी अडकली होती. ती मी काढली, तेल घातलं, लंबकाला हलकेच धक्का दिला. घड्याळ चालू झालं. खाली आल्यावर पहारेकरी म्हणाला, 'हात बघू तुमचे.' मी हात पुढे केले. त्याने आपली खुर्ची मला दिली."

शेजारी चित्र होतं. उंच मनोरा, आणि जिन्यावर पिशवी घेतलेला एक झुबकेदार मिशांचा माणूस.

सोमवार निभावला. मंगळवारी बाईंनी परत तेच पान काढायला सांगितल्यावर वर्गात एकच गिल्ला झाला. "बाई, हे झालंय!" सगळ्यात मोठा आवाज रेडिओचा. रेडिओ म्हणजे वर्गातला सगळ्यात जलद वाचणारा मुलगा. तो एका श्वासात पान संपवायचा आणि काय वाचलं म्हणून विचारलं की डोकं खाजवायचा.

"झालंय ना? मग पुस्तकं मिटा," बाई वैतागून म्हणाल्या. "सांगा, किती पायऱ्या होत्या?"

"एकशे बारा!"

"कुणी मोजल्या?"

खरं सांगायचं तर हा प्रश्न बाईंनी केवळ तोंड बंद करायला विचारला होता. त्याचं उत्तर त्यांनाही ठाऊक नव्हतं. पण मागच्या बाकावरून एक मुलगी हळूच म्हणाली, "त्यानेच मोजल्या असतील. भीती वाटली की मी पण मोजते. दाताच्या डॉक्टरकडे मी पंख्याची पाती मोजली होती."

बाईंनी चमकून तिच्याकडे पाहिलं. अकरा वर्षं त्या एकशे बारा हा आकडा फळ्यावर लिहून घेत होत्या. खालच्या पाच प्रश्नांतला तो दुसराच प्रश्न होता. पण तो आकडा म्हणजे एका माणसाच्या छातीतली धडधड आहे, हे त्यांच्या कधी ध्यानातही आलं नव्हतं.

मग त्यांनाच चटक लागली. बुधवारी त्यांनी मुलांना सांगितलं, "उताऱ्यात लिहिलेलं नाही असं काहीतरी विचारा." प्रश्नांचा नुसता पाऊस पडला. कोण हसलं? का हसलं? आधी कुणी दुरुस्तीला आलं होतं का? काडी आली कुठून? शेवटच्या प्रश्नावर तर दोन मुलं हमरीतुमरीवर आली. एकाचं म्हणणं पक्ष्याने आणली, दुसऱ्याचं म्हणणं वाऱ्याने. दोघांनीही आपलं खरं करायला पुस्तक उघडलं आणि पुन्हा पुन्हा वाचलं. एरवी पुस्तक उघड म्हटलं की पोटात दुखणारी ही मंडळी! गुरुवारी त्यांनी उताऱ्याचा खेळ केला. बाकांचा मनोरा, खडूचा डबा हत्यारांची पिशवी, आणि पहारेकरी झाला रेडिओ. "बरोबर कोणी नाही?" हे तीन शब्द म्हणायला पोराने सहा आवाज लावून पाहिले. एकदा दरडावून, एकदा काळजीने, एकदा कुत्सितपणे. प्रत्येक वेळी गोष्टच बदलली. बाई खुर्चीत बसून बघत राहिल्या. पंधरा वाक्यांचा उतारा, आणि तळच लागेना.

या सगळ्यात मुंगी काय करत होती? तिचं बोट चाललं होतं. पण आता वर्ग पुढे पळत नव्हता. सगळे त्याच पानावर फिरत होते, त्यामुळे ती कुठेही असली तरी सगळ्यांच्यात असायची. गुरुवारी संध्याकाळी ती शेवटच्या ओळीपर्यंत पोचली होती.

शुक्रवारी बाईंनी तिला उभं केलं. "सगळा वाच. घाई नाही."

बोट सरकू लागलं. "म-नो-ऱ्या-वरचं... घड्याळ..." पहिली ओळ, दुसरी ओळ, पहारेकऱ्यापाशी एक ठेच, पुढे पिशवी, पुढे पायऱ्या. मग ती म्हणाली, "मध्यावर... श्वास... घ्यायला... मी... क्षणभर... थां-ब-ले."

वर्ग फिदीफिदी हसला. "थांबलो गं, थांबलो!" रेडिओ ओरडला. "मिशा दिसत नाहीत का?"

"थांबलो," बाईही म्हणाल्या. "नीट बघ, बाळा."

मुंगीने नीट बघितलं. बोट त्या अक्षराखालून हललं नाही. तिचे कान लाल झाले होते आणि आवाज इतका बारीक की बाईंना वाकून ऐकावं लागलं.

"बाई, काना नाहीये."

"काय?"

"ल आहे. वर मात्रा आहे. काना नाहीये. मी रोज बघते."

आता बाईंना जरा रागच आला. मुलगी चुकीवर चूक करते आणि वर हटूनही बसते, अशाने शनिवारी कसं व्हायचं? त्यांनी आपलं पुस्तक उचललं, तिला दाखवायला म्हणून त्या शब्दावर बोट टेकवलं, आणि तशाच उभ्या राहिल्या.

काना नव्हता.

त्यांनी रेडिओचं पुस्तक ओढलं. नव्हता. पहिल्या बाकावरचं, दुसऱ्या बाकावरचं, कपाटातली आठ वर्षांपूर्वीची फाटकी प्रत. कुठेही काना नव्हता. 'मी क्षणभर थांबले.' स्वच्छ, ठसठशीत, काळ्या शाईत. अकरा वर्षांत तीनशेच्या वर मुलांना त्यांनी हा उतारा शिकवला होता, आणि दरवेळी तो काना पदरचा घातला होता. चित्रकाराने मिशा पदरच्या घातल्या, यांनी काना.

"बाई," मागच्या बाकावरची ती मुलगी म्हणाली, "म्हणजे तो... ती आहे?"

बाईंनी झरझर उतारा पुन्हा वरून चाळला. 'मला बोलावलं.' हे बाईही म्हणेल, बुवाही म्हणेल. 'मी मान हलवली.' कुणीही म्हणेल. 'मी काढली', 'मी हात पुढे केले', सगळं तसंच. बोलणारं कोण हे अख्ख्या उताऱ्यात एकाच ठिकाणी कळत होतं, एका काना नसलेल्या अक्षरात. आणि तिथेच सगळे घसरत होते.

"पुन्हा वाचा," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून. सगळ्यांनी. बोट ठेवून."

एकतीस बोटं ओळीखाली आली. 'पहारेकऱ्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.' वर्गातल्या मुलींनी एकमेकींकडे बघितलं. 'बरोबर कोणी नाही?' रेडिओने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. आदल्या दिवशी त्याने हे वाक्य सहा आवाजांत म्हटलं होतं. सातवा आवाज त्याला आत्ता सापडला होता. 'कोणीतरी हसलं.' का हसलं ते आता कुणाला विचारावं लागलं नाही. आणि 'हात बघू तुमचे' या वाक्याशी आल्यावर एका मुलीच्या डोळ्यांत पाणीच आलं. एक अक्षरही इकडचं तिकडे झालं नव्हतं, आणि तरी पान दुसरंच होतं.

सगळ्यात जास्त थक्क झाल्या होत्या बाई. 'मी आले, मी बसले, मी थांबले,' हे तर त्या जन्मभर बोलत आल्या होत्या. आपल्याच तोंडचा शब्द समोर छापलेला, आणि तो आपल्याला दिसू नये? लाज वाटली त्यांना, पण लाजेपेक्षा मोठं काहीतरी वाटलं. ज्या बोटाला त्या सहा महिने "उचल गं ते बोट, वेग वाढव" म्हणून ओरडत होत्या, ते बोट वर्गातलं एकमेव वाचणारं बोट होतं. बाकी सगळे ओळखीच्या वाटेने धावत सुटले होते. त्यांनी मुंगीच्या डोक्यावर हात ठेवला.

शनिवार उजाडला. बाई निश्चिंत होत्या, आणि तिथेच त्यांचं चुकलं. आपण ज्या खड्ड्यात अकरा वर्षं पडलो, त्यात मोठे सरही पडतील, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

मोठ्या सरांच्या खोलीत टेबलाच्या एका बाजूला सर, त्यांच्यापुढे पुस्तक, हातात लाल पेन्सिल. दुसऱ्या बाजूला मुंगी, आणि दाराशी बाई. बाहेर बाकावर मुंगीची आई दुकानातून तासाभराची सुट्टी काढून बसली होती. मुंगी वाचू लागली. पोर घाबरली होती, त्यामुळे वर्गात न लागलेल्या ठेचाही इथे लागल्या. लाल पेन्सिल कागदावर एक रेघ ओढायची आणि थांबायची. एक. दोन. बाईंचा जीव टांगणीला लागला. तीन. चार. शेवटची ओळ संपली तेव्हा कागदावर सहा रेघा होत्या.

सरांनी चष्मा काढला. "प्रयत्न चांगला आहे," ते म्हणाले, आणि खरंच हळुवारपणे म्हणाले. "पण सहा झाल्या, बाई."

"कुठल्या कुठल्या, सर?"

त्यांनी वाचून दाखवल्या. पाचवर बाईंनी मान हलवली, त्या चुका होत्याच. "आणि सहावी, 'थांबलो'चं 'थांबले' वाचलं."

बाईंनी सुटकेचा श्वास सोडला. "सर, पुस्तकात बघा."

"बघूनच मोजल्या आहेत." त्यांनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं, "मी क्षणभर थांबलो."

"पुन्हा बघा, सर."

"थांबलो," सर चिडून म्हणाले. "डोळे शाबूत आहेत माझे."

तेव्हा मुंगीने हात लांब केला आणि सरांच्या पुस्तकातल्या त्या शब्दाखाली आपलं बोट ठेवलं. सरांची नजर त्या बोटावर गेली, बोटावरून अक्षरावर गेली आणि तिथेच राहिली.

"छपाईची चूक असणार," ते पुटपुटले. "चित्रात मिशा आहेत."

"असेलही, सर. पण आपण चित्र वाचायला सांगितलं होतं का तिला? छापलंय तेच वाचलं तिने."

सरांनी उतारा वरून वाचायला घेतला, मनातल्या मनात. पण ओठ हलत होते, म्हणून ते कुठे पोचले आहेत हे बाईंना कळत होतं. पहारेकऱ्याच्या प्रश्नाशी ते थांबले. हसणाऱ्या माणसाशी थांबले. शेवटी खुर्चीपाशी आले आणि पुस्तक टेबलावर ठेवून दिलं. "अरे देवा," ते म्हणाले. एवढा मोठा माणूस, तीस वर्षांची नोकरी, आणि चेहरा अगदी पहिल्या बाकावरच्या मुलासारखा झाला होता. "मी हा उतारा पाच शाळांत शिकवला आहे हो, बाई." त्यांनी सहावी रेघ खोडली. "पाच. तिसरीत राहील."

बाई "चल" म्हणणार, तेवढ्यात मुंगी म्हणाली, "सर, अजून एक आहे."

"काय?"

"मी 'दातांमध्ये' वाचलं. ते 'दात्यांमध्ये' आहे. त ला य जोडलाय. तुम्ही रेघ नाही ओढली."

हात दाखवून अवलक्षण! बाईंना वाटलं, पुढे होऊन पोरीच्या तोंडावर हात ठेवावा. अगं, गप्प बस ना! बाहेर तुझी आई बसली आहे! पण मुंगीला यात काही धाडस केल्यासारखं वाटतच नव्हतं. जे पानावर होतं ते ती सांगत होती, इतकंच. दुसरीच्या बाकावर जागा धरून बसलेली धाकटी बहीण तिला आठवत नसेल असं नाही. आठवत होतीच, कारण तिची हनुवटी थरथरत होती. तरी बोट मात्र त्या जोडाक्षराखाली गेलं होतं.

सरांनी बघितलं. त ला य जोडलेला होता. त्यांनी लाल पेन्सिल उचलली. ती कागदावर टेकली, क्षणभर तशीच राहिली, आणि त्यांनी ती परत खाली ठेवली.

"चुका मोजायला मी बसलो होतो," ते सावकाश म्हणाले. "नव्हती ती एक मोजली. होती ती एक सोडली. दोन्ही हिने काढून दाखवल्या." त्यांनी बाईंकडे पाहिलं. "आता दुसरीत कुणाला बसवायचं, ते तुम्हीच सांगा."

बाईंचे डोळे भरून आले होते, आणि हसूही येत होतं. सरांनी कागद चारदा घडी घालून खिशात टाकला आणि मुंगीला म्हणाले, "जा, आईला सांग, तिसरीतच."

मुंगी बाहेर गेली. आई बाकावरून ताडकन उठली. मनगटावरच्या चटक्यांवरून तिचा दुसरा हात नुसता फिरत होता.

"किती चुका झाल्या गं?"

मुंगीने बोटांवर मोजलं. घाई केली नाही.

"माझ्या सहा," ती म्हणाली. "सरांच्या दोन."